खाशाबा जाधव : मातीत घडलेली पावले

दिल्लीत आयटीओच्या पुढे, यमुनेच्या बाजूला इंदिरा गांधी स्टेडियमचे मोठे आवार आहे. त्या आवारात कुस्तीचे एक स्वतंत्र सभागृह आहे. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा कुस्त्या तिथेच झाल्या. त्या सभागृहाला के. डी. जाधव यांचे नाव दिलेले आहे. आमच्या बॅचमध्ये हरियाणाचे बरेच कॅडेट आहेत. त्यांना सुशील कुमार, योगेश्वर दत्त, बजरंग पुनिया, रवी दहिया ही नावे तोंडपाठ आहेत. पण के. डी. जाधव कोण, असे विचारले की बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून या वर्षी मराठी पानासाठी त्यांचेच चरित्र लिहायचे मी ठरवले.

के. डी. म्हणजे खाशाबा दादासाहेब. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा पैलवान सातारा जिल्ह्यातला. त्यांच्याबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. त्यांच्या ताकदीइतकेच कौतुक त्यांच्या हलक्या पावलांचे झाले आहे. पैलवान म्हटले की आपण दंड, मांड्या, मान आणि छाती बघतो. तळपायाकडे कोणी बघत नाही. कॅडेटच्या बाबतीतही तसेच आहे. बूट चमकतो की नाही हे रोज पाहिले जाते, पण बुटाच्या आतल्या पायाची आठवण तो दुखायला लागल्यावरच होते. त्यामुळे या लेखात खाशाबांचे चरित्र आहे आणि त्याबरोबर थोडे पायाबद्दलही आहे.

गोळेश्वरचा मुलगा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराड तालुक्यातल्या गोळेश्वर या गावी झाला. कराड म्हणजे कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावरचे गाव. गोळेश्वर त्याला लागूनच आहे. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवले.

ज्यांनी पश्चिम महाराष्ट्रातली तालीम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दिल्ली-हरियाणात ज्याला आखाडा म्हणतात त्याला आमच्याकडे तालीम म्हणतात. आत लाल मातीचा हौद असतो. ही माती चाळलेली असते आणि तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद असे पदार्थ घालून ती मऊ ठेवतात. शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. आपल्या ड्रिलच्या उस्तादांचा शब्द आणि हा वस्ताद मुळात एकच शब्द आहे. शिस्तही साधारण सारखीच. पहाटे उठायचे, माती खणायची, मग जोर, बैठका, सपाटे मारायचे आणि नंतर लढती.

आता पायाच्या दृष्टीने पाहा. तालमीत कोणी बूट घालून जात नाही. हौदातली माती पायाखाली दबते, सरकते. जोडीदाराने ढकलले की चवडा आणि बोटे मातीत रोवावी लागतात, नाहीतर तोल जातो. बैठका मारताना टाचा वर उचलल्या जातात आणि सगळे वजन चवड्यावर येते. अशा रोज शेकडो बैठका. माती खणतानासुद्धा अनवाणी पायाने मऊ जमिनीवर उभे राहून जोर लावायचा असतो. म्हणजे पैलवान मांड्या कमावायला गेला तरी त्याचा तळपाय आपोआप मेहनत करत असतो.

तळपायात काय असते

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. इतक्या छोट्या जागेत इतकी हाडे कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर असे की पावलाला दोन उलट कामे करावी लागतात. जमिनीवर टेकताना त्याला मऊ होऊन धक्का सोसायचा असतो, आणि पुढच्याच क्षणी ताठ होऊन शरीर पुढे ढकलायचे असते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर पडतो. हा भार पेलायला पावलाला कमानी असतात. आतल्या बाजूची मोठी कमान आपल्याला सहज दिसते. ओल्या पायाने फरशीवर उभे राहिलो तर तिची जागा कोरडी राहते. बाहेरच्या बाजूला एक बुटकी कमान असते आणि चवड्याच्या मागे एक आडवी कमान असते.

पाऊल हलवणारे स्नायू दोन प्रकारचे आहेत. काही मोठे स्नायू पोटरीत असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या घोट्यावरून पावलात उतरतात. दुसरे छोटे स्नायू पावलातच सुरू होतात आणि पावलातच संपतात. तळव्यात त्यांचे एकावर एक असे चार थर असतात. कोणी अंगठा बाजूला ओढतो, कोणी बोटे वाकवतो, कोणी बोटे फाकवतो. त्यांची मुख्य कामे तीन. कमान कोसळू न देणे, पाऊल उचलताना जमिनीला जोरात रेटणे, आणि पायाखालची जमीन कशी आहे याची बातमी मेंदूला पोचवणे. अंधारात खडबडीत वाटेवरून चालताना आपण पडत नाही ते बऱ्याच अंशी या बातमीमुळे.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. कमान फक्त स्नायूंवर उभी नसते. हाडांची रचना आणि तळव्यातले जाड पट्टे यांचा त्यात मोठा वाटा असतो, आणि ते व्यायामाने बदलत नाहीत. स्नायू मात्र बदलतात. कोणत्याही स्नायूप्रमाणे वापरले तर वाढतात आणि वापरले नाहीत तर बारीक होतात. जाड तळाचा, आत उंचवटा असलेला बूट दिवसभर पायात असला की त्यांचे निम्मे काम बूटच करतो.

शाळा, स्वातंत्र्य चळवळ आणि कोल्हापूर

खाशाबांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ते दिवस स्वातंत्र्य चळवळीचे होते. १९४२ च्या चले जाव आंदोलनात सातारा जिल्हा पेटला होता आणि प्रतिसरकार तिथेच स्थापन झाले. भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोचवणे ही कामे खाशाबांनीही केली. तेव्हा त्यांचे वय १६ होते, म्हणजे माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला झेंडा ऑलिंपिकमध्ये फडकवायचा असा निश्चय त्यांनी केला.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये शिकले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. छत्रपती शाहू महाराजांनी पैलवानांना मोठा आश्रय दिला आणि खासबाग मैदान बांधले. या गावात बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी हे खाशाबांना मार्गदर्शक म्हणून लाभले. खाशाबांची उंची कमी आणि अंग सडसडीत होते. समोरच्या धिप्पाड पैलवानाला वजनाने दाबणे त्यांना शक्य नव्हते. त्यांचा भर चपळाईवर होता. ढाक हा त्यांचा आवडता डाव. या डावात प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून अंग वळवायचे आणि त्याला फेकायचे असते. वळण्याच्या त्या क्षणी पाय चुकीच्या जागी पडला किंवा चवडा घसरला तर डाव आपल्यावरच उलटतो. म्हणून ढाक मारणाऱ्याचे हात जितके घट्ट असावे लागतात तितकेच पाऊलही पक्के असावे लागते.

लंडन १९४८ : मातीवरून गादीवर

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला गेल्यावर त्यांच्यापुढे मोठी अडचण उभी राहिली. तिथे माती नव्हती, गादी होती. आज महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, त्यामुळे मुलांना दोन्हींची सवय असते. खाशाबांनी तोवर सगळी कुस्ती मातीत केली होती.

फरक किती मोठा आहे ते पायावरून कळते. मातीत बोटे रुततात, म्हणून पैलवान पाय रोवून उभा राहू शकतो. गादीवर काही रुतत नाही. तिथे पाय सतत हलता ठेवावा लागतो आणि पकड घर्षणातून येते. मातीतली कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते, गादीवर वेळ ठरलेला आणि निकाल गुणांवरही लागतो. नियमही नवे होते. मातीत एकमेकांचा अंदाज घेत उभे राहायला वेळ असतो, गादीवर तो नसतो.

भारतीय चमूला शिकवायला रीस गार्डनर हे प्रशिक्षक होते. ते स्वतः पूर्वीचे कुस्तीविजेते. खाशाबांच्या हलक्या पावलांचा गुण त्यांनी ओळखला आणि त्यावर मेहनत घेतली. फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जेर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि सहावे आले. गादीवर पहिल्यांदाच उतरलेल्या पैलवानासाठी जगात सहावा क्रमांक फार मोठा होता. खाशाबा मात्र त्यावर समाधानी नव्हते. ते परत आले आणि पुढच्या ऑलिंपिकची तयारी सुरू केली.

मला वाटते, लंडनचा धडा असा होता की मातीने कमावलेली ताकद वाया जात नाही, पण ती नव्या जमिनीवर वापरायला पुन्हा शिकावे लागते. अनवाणी पायाबद्दल बोलताना लोक टोकाची मते मांडतात. काही जण म्हणतात बूट वाईटच. १९६० साली रोममध्ये इथिओपियाच्या सम्राटाच्या रक्षक दलातला सैनिक अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे उदाहरण ते देतात. पण हाच बिकिला १९६४ साली टोकियोमध्ये बूट घालून पुन्हा जिंकला. म्हणजे प्रश्न बूट आहे की नाही एवढाच नाही. बुटातला पाय किती तयार आहे हा खरा प्रश्न आहे.

पैसे नव्हते

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाणे खाशाबांसाठी कुस्तीपेक्षाही कठीण ठरले. आधी निवडीच्या वेळी त्यांना डावलले गेले. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. निरंजन दास या पैलवानाशी त्यांची पुन्हा कुस्ती लावण्यात आली. ती जिंकून त्यांनी आपली जागा मिळवली.

मग पैशांचा प्रश्न आला. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७००० रुपये उभे केले. १९५२ साली ही रक्कम किती मोठी असेल याची कल्पना करा. हा भाग मी आमच्या वर्गात सांगितला तेव्हा सगळा वर्ग शांत झाला. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी आपले घर पणाला लावले, तेही पदकाची कोणतीही खात्री नसताना.

हेलसिंकी १९५२

या वेळी खाशाबा बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात खेळले. त्यांनी कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले. नंतर त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी याच्याशी पडली. इशी मूळचा ज्युदो खेळणारा. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. ज्युदोही अनवाणी पायानेच खेळतात. म्हणजे अनवाणी पायावर घडलेले दोन खेळाडू गादीवर समोरासमोर आले. ही लढत लांबली आणि खाशाबा ती हरले.

नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावले गेले. त्यांची बाजू मांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या अवस्थेत ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य पदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

दमलेल्या पायांचे काय होते हे आपल्याला क्रॉस कंट्रीच्या शेवटच्या किलोमीटरला कळते. सुरुवातीला आपण चवड्याने जमीन ढकलत असतो. शेवटी पाय नुसते आपटत राहतात. पावलातले छोटे स्नायू थकले की कमान जास्त खाली बसते, रेटा कमी होतो आणि तो भार पोटरी, नडगी आणि गुडघ्यावर जातो. ताज्या दमाने ती शेवटची कुस्ती झाली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पण निकाल बदलत नाही. जे मिळाले तेही इतिहासच होता. त्याआधी भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले वैयक्तिक यश म्हणजे १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी जिंकलेली दोन रौप्य पदके. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मात्र खाशाबांचे. दुसरे वैयक्तिक पदक थेट १९९६ साली अटलांटात लिअँडर पेस यांनी आणले, म्हणजे ४४ वर्षांनी. कुस्तीतले दुसरे पदक यायला तर २००८ साल उजाडावे लागले.

खाशाबा परत आले तेव्हा कराडला त्यांच्या स्वागतासाठी शंभराहून जास्त बैलगाड्या आल्या होत्या. ढोल-ताशे वाजत होते. एरवी काही मिनिटांत संपणारी वाट मिरवणुकीला कित्येक तास पुरली. पण सत्कार संपल्यावर खाशाबांनी पहिले काम कोणते केले असेल? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्य खर्डीकरांचे घर सोडवून दिले. मला पदकापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

पोलीस खात्यात

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झाले. खात्याच्या कुस्ती स्पर्धा त्यांनी जिंकल्या आणि इतरांना शिकवलेही. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक त्यांना खेळता आले नाही. त्यांनी २७ वर्षे नोकरी केली आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. बढती उशिरा मिळाली आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावे लागले. १९८२ साली दिल्लीत एशियाड झाले तेव्हा क्रीडाज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. म्हणजे त्यांच्या नावाचे सभागृह उभे राहण्याच्या कितीतरी आधी त्यांची पावले दिल्लीच्या स्पर्धेशी जोडली गेली होती.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. सन्मान बहुतेक नंतर आले. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही मरणोत्तर मिळाले. पद्म पुरस्कार तर त्यांना हयातीत मिळाला नाही. १५ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या ९७ व्या जयंतीला गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा वाचले.

आपल्यासाठी यात काय आहे

आपल्यापैकी बहुतेकांना एनडीएला जायचे आहे. तिथल्या वैद्यकीय तपासणीत तळपायही तपासतात. आमच्या हाऊसमधल्या एका मित्राला त्याचे तळपाय सपाट आहेत असे कळले तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नव्हता. एमआय रूममधल्या डॉक्टरांनी त्याला चवड्यांवर उभे राहायला सांगितले. टाचा उचलल्याबरोबर कमान दिसू लागली. डॉक्टरांनी समजावले की उभे राहिल्यावर सपाट दिसणारा, पण चवड्यावर उभे राहिल्यावर कमान येणारा, लवचिक आणि न दुखणारा पाय वेगळा, आणि कायम ताठ सपाट असलेला पाय वेगळा. पहिल्या प्रकारच्या पायाने नीट धावता, उड्या मारता येत असेल तर तो सहसा अडथळा ठरत नाही. तो मित्र त्या संध्याकाळी दोन ताटे जेवला.

लहान वयातल्या पायाबद्दल आपल्याच देशात एक चांगला अभ्यास झाला आहे. मंगळूरच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. पायात बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के मुलांचे तळपाय सपाट होते, अनवाणी फिरणाऱ्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. हा लेख वाचणाऱ्या पालकांच्या घरी आमची लहान भावंडे असतील, तर त्यांना स्वच्छ गवतावर आणि मातीत अनवाणी खेळू द्या, एवढी विनंती.

मोठ्या वयातही स्नायू कमावता येतात. ब्राझीलमधल्या साओ पावलो येथे ११८ धावपटूंवर प्रयोग झाला आणि २०२० साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी पावलांचे व्यायाम केले नाहीत त्यांना वर्षभरात दुखापत होण्याची शक्यता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ अडीच पट जास्त आढळली.

व्यायाम अगदी सोपे आहेत आणि त्यांना कोणतेही साहित्य लागत नाही. प्रेपच्या मधल्या सुट्टीत किंवा दिवे मालवण्याआधी पलंगावर बसूनही करता येतात.

पहिला : खुर्चीवर बसून अनवाणी पाऊल जमिनीवर सपाट ठेवा. बोटे न वाकवता अंगठ्याखालचा चवडा टाचेकडे ओढा. पाऊल किंचित आखूड होते आणि कमान वर येते. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, मग सोडा. असे दहा वेळा. जमले की हाच व्यायाम उभे राहून करा.

दुसरा : चार बोटे जमिनीवर ठेवून फक्त अंगठा उचला. मग अंगठा खाली ठेवून चार बोटे उचला. पहिल्या दिवशी बहुतेकांची बोटे ऐकतच नाहीत. आमच्या डॉर्मिटरीत यावर बरीच हसाहस झाली. आठवड्याभरात बोटे ऐकू लागतात.

तिसरा : पाची बोटे पंख्यासारखी फाकवा आणि पुन्हा जवळ आणा.

चौथा : जमिनीवर टॉवेल पसरा आणि बोटांनी तो आपल्याकडे गोळा करा. गोट्या बोटांनी उचलून डब्यात टाकणे हाही याचाच प्रकार.

पाचवा : एका पायावर अनवाणी उभे राहा आणि टाच हळूहळू उचला, हळूहळू ठेवा. तोल सांभाळता आला की डोळे मिटून नुसते उभे राहून पाहा.

घाई मात्र करू नये. बुटाची सवय असलेला पाय एकदम अनवाणी डांबरी रस्त्यावर पळवला तर हाडांना इजा होऊ शकते. आधी रोज पाच-दहा मिनिटे, तीही गवतावर. पाय सतत दुखत असेल तर लपवू नये, एमआय रूममध्ये दाखवावे. दिल्लीच्या थंडीत पहाटेच्या पीटीला अनवाणी जायचे धाडसही नको. हे सगळे व्यायाम खोलीत होतात.

खाशाबांना गुडघ्याच्या दुखापतीने एक ऑलिंपिक गमवावे लागले, आणि विश्रांती न मिळाल्याने कदाचित त्याहून मोठे पदक गमवावे लागले. दोन्ही गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या. जे हातात होते ते त्यांनी सगळे केले. पहाटे उठणे, माती खणणे, बैठका मारणे, हरल्यावर पुन्हा शिकणे, अन्यायाविरुद्ध दाद मागणे आणि घेतलेले ऋण फेडणे. तळव्यातल्या छोट्या स्नायूंसारखेच त्यांचे काम बराच काळ कोणाला दिसले नाही, पण नंतर आलेल्या प्रत्येक पैलवानाचे पाऊल त्यांनी केलेल्या वाटेवरच पडले.

पुढच्या आउटपासला कोणी आयटीओच्या बाजूला गेले, तर त्या सभागृहाची पाटी नक्की वाचा, आणि सोबतच्या मित्राला सांगा की हे के. डी. जाधव आमच्या गोळेश्वरचे खाशाबा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!